बारीक निब

कोऱ्या कागदावर आधी 'श्री' काढल्याशिवाय मोतीरामांनी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. वाण्याची यादीसुद्धा नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ते एकतीस वर्षं कारकून होते आणि रजिस्टरातल्या त्यांच्या बारीक अक्षराला साहेब लोकही नावाजायचे. बायको सखुबाई मात्र अंगठेबहाद्दर. मखमलाबादच्या मळ्यात फुलं खुडत मोठी झालेली, शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. बँकेत दोघांच्या नावाचं खातं काढलं तेव्हा तिने अंगठा दिला, आणि मोतीराम काउंटरवरच्या माणसाला म्हणाले, "आमच्या घरात एक सही अन् एक शिक्का!" सगळे हसले. सखुबाईपण हसली. काळा अंगठा मात्र तिने घर येईपर्यंत पदराखाली धरला होता.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात मोतीरामांची उजवी बाजू गेली. वाचा अडखळत का होईना परतली, पाय काठीवर आला. हात काही आला नाही. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जावं लागतं. सही जमत नसेल तर अंगठा चालतो, असं मुलगी छाया सहज बोलून गेली, तर त्यांनी पुढचं ताट सरकवलं.

"अंगठा... नाही. मेलो तरी नाही."

मग डाव्या हाताने सराव सुरू झाला. बॉलपेन दाबावं लागतं आणि त्या हाताला तेवढा जोर नव्हता. शाईचं भारी पेन न दाबता चालतं, असं छायाला तिच्या जुन्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं. किंमत ऐकून मोतीराम नको म्हणाले. सखुबाई म्हणाली, "मला यंदा दिवाळीला लुगडं नको. पेन घ्या."

दसऱ्याच्या आधी तिघं रिक्षाने मेनरोडला गेली. शफीभाईंचं पेनचं दुकान बोळात होतं, दोन माणसं उभी राहिली की भरणारं. त्यांनी मखमलीच्या डबीतून परदेशी पेन काढलं. काळंभोर, निब सोन्याची.

"निबा तीन आहेत, साहेब. बारीक, मध्यम, जाड. लिहून बघा, मग ठरवा."

मोतीरामांनी पेन डाव्या हातात घेतलं आणि कागदाच्या वर तसंच धरून ठेवलं. ते कुठे अडले हे सखुबाईला कळलं. ज्या हाताने प्रसाद घ्यायचा नाही, त्या हाताने 'श्री' कसं काढायचं? शेवटी त्यांनी नुसत्या रेघा ओढल्या. तिन्ही निबांनी.

शफीभाई बघत होते. "उजव्या हातानं निब ओढली जाते, डाव्यानं ढकलली जाते. बारीक निब कागदात रुतणार, साहेब. मध्यम घ्या. अक्षर जरा जाड येईल, पण येईल."

"बारीक."

"दादा, ऐका ना त्यांचं," छाया वडिलांना म्हणाली.

"माझी सही... बारीक असते."

शफीभाई सखुबाईकडे वळले. "मावशी, तुम्ही तरी सांगा."

मध्यम निबेची रेघ न अडता गेली होती आणि बारीक तीनदा अडकली होती, हे सखुबाईने डोळ्यांनी पाहिलं होतं. ते बघायला शाळा लागत नाही. पण जन्मभर अक्षराच्या गोष्टीत तिने तोंड उघडलं नव्हतं.

"मला काय कळतंय त्यातलं?" ती म्हणाली. "त्यांना पायजे ती द्या."

दसऱ्याला पेनला झेंडू वाहिला. मग रोज सकाळी मोतीराम खिडकीशी बसू लागले. निब रुतायची, कागद फाटायचा, ते नवा कागद घ्यायचे. दिवाळीनंतर एका दुपारी चादरीवर शाईचा डाग दिसला. उशीखाली पेन होतं. रागाने दाबून दाबून निब फाकली होती.

सखुबाईने पेन रुमालात गुंडाळलं आणि एकटीच बसने मेनरोडला गेली. शफीभाईंनी भिंग लावून पाहिलं. "ही गेली, मावशी. मध्यम बसवून देतो. तेव्हाच जर तुम्ही..."

"तेव्हाच बोलायला पायजे होतं मी," सखुबाई म्हणाली. "माझंच चुकलं."

परतताना ती पूल ओलांडून कपालेश्वराच्या पायऱ्या चढली. दुसरं काही मागितलं नाही. देवा, तेवढी एक सही होऊ दे.

मध्यम निबेने अक्षर यायला लागलं. पण दाखल्याला चारच दिवस उरले होते.

बँकेत एकलहऱ्याची जुनी मंडळी रांगेत होती. मोतीरामांच्या ऑफिसातला, कारभारी आडनावाचा जुना सोबती ओरडला, "काय मोतीरामराव, थेट फॉरेनचं पेन! आता पेन्शनपण डॉलरात का?" मोतीराम ओठाच्या एका कोपऱ्याने हसले.

बँकेचा साहेब भला होता. दाखल्यावरची डाव्या हाताची सही बघून म्हणाला, "आजोबा, जुन्या सहीशी ही जुळत नाही. आपण नवा नमुना घेऊ. तीन सारख्या सह्या करा."

पहिली छान आली. दुसरी थोडी उतरली. तिसरीला तळवा ओल्या शाईवरून फिरला आणि तिन्ही पुसल्या गेल्या. दुसरा फॉर्म. तिसरा फॉर्म. मागून कुणी म्हणालं, "अहो, आटपा की!"

"दमानं घ्या रे," कारभारी त्याच्यावर खेकसला, "तुमच्या रजेचे अर्ज यांनीच लिहिलेत!"

मोतीरामांनी पेन खाली ठेवलं. सखुबाईकडे न बघताच डावा तळवा तिच्यापुढे धरला.

साहेबाने शाईचा पॅड सरकवला. सखुबाईने नवऱ्याचा अंगठा धरला. "पुरुषाचा डावाच घेत्यात," ती हळूच म्हणाली. "दाबू नका. नुसता लोळवा. या कडेनं त्या कडेला." ठसा स्वच्छ उमटला.

बाहेर आल्यावर मोतीरामांनी मूठ वळली होती, अंगठा आत.

"किती दिवस... राहतं हे?"

"दोन-तीन. खोबरेल लावते घरी गेल्यावर."

रिक्षात बसल्यावर ते म्हणाले, "हसलो होतो... तुला."

"झाली त्याला लय वर्षं," सखुबाई म्हणाली. वाईट वाटलं नव्हतं, असं मात्र ती म्हणाली नाही.

माघात मोतीराम गेले. पुढच्या दसऱ्याला घरात सण नव्हता, पण सखुबाईने पेन पाटावर मांडलं. त्यातली शाई सुकून घट्ट झाली होती. पेन धुऊन ठेवायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. छायाने कोरा कागद घेतला, 'श्री' लिहायला आपलं बॉलपेन काढलं.

"राहू दे," सखुबाई म्हणाली. उजवा अंगठा तिने ओल्या गंधात टेकवला, कागदाच्या माथ्यावर, जिथे ते लिहायचे तिथे, या कडेनं त्या कडेला लोळवला. मग त्या कागदावर पेन ठेवलं आणि हात जोडले.