‘एकच ठेवा’ असा माझा शेरा

ती घटना आजही आठवते, आणि तेव्हा मी काय लिहून मोकळा झालो तेही आठवतं. मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो.

तोंडवलीला जाळ्यावरून मारामारी झाली आणि एका मच्छीमाराच्या डोक्यात वल्हं बसलं. दवाखान्यात तो शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांसमोर त्याचा जबाब आम्ही कॅमेऱ्यावर घेतला. मारणाऱ्या तांडेलाचं, म्हणजे दुसऱ्या होडीच्या प्रमुखाचं, नाव त्याने स्पष्ट सांगितलं. त्याची बायको खाटेजवळून हलेना. नियमाप्रमाणे मी तिला बाहेर काढलं. “मशीनमध्ये राहतंय सगळं, नंतर ऐक,” म्हणालो. संध्याकाळी तो गेला.

संगणक सांभाळणाऱ्या हवालदाराने ते चित्रण ठाण्याच्या फाइल सर्व्हरवर उतरवलं. कॅमेऱ्याचं कार्ड दुसऱ्या पंचनाम्याला हवं होतं, म्हणून मी घाई करून ते पुसायला लावलं. दोषारोपपत्राच्या वेळी फाइल उघडली, तर नाव होतं, आत काहीच नव्हतं. सर्व्हरला जोडीची दुसरी डिस्क होती. तिच्यातही तेच.

त्यातच खबऱ्या कानाशी आला. “सायबानू, तुमचो कम्प्युटरवालो हवालदार काल त्या तांडेलाच्या वाडीत दिसलो.”

कुंपणच शेत खातंय, असं मनाने घेतलं. मी हवालदाराला समोर बसवलं.

“किती घेतलेस?”

तो गप्प. गप्प माणूस काहीतरी लपवतो, हा माझा वीस वर्षांचा हिशेब. आवाज चढवला, वर्दी उतरवीन म्हणालो. शेवटी तो बोलला.

“सर, मयताचं घरही त्याच वाडीत आहे. कोणी मोबाइलवर त्याचा आवाज घेतला होता का, विचारायला गेलो होतो. नाही घेतलेला.”

“आणि फाइल?”

“आवारातल्या कॅमेऱ्यांनी डिस्क भरून गेली होती. नाव लिहिलं गेलं, चित्रण उतरलं नाही. मी उघडून बघायला हवं होतं.”

“मग दोन डिस्क कशाला घेतल्या?”

“एक बिघडली तर दुसरी चालावी म्हणून. पहिलीत जे, तेच दुसरीत. भरतातही एकदमच.”

मग त्याने कपाटातून एक कागद काढला. सर्व्हर बसवताना त्याने आखून आणलेला. दोन्ही डिस्कवर सारखे तीन भाग: एक सर्व्हर चालवणाऱ्या प्रणालीला, एक कॅमेऱ्यांना, एक फक्त जबाबांना. कॅमेऱ्यांचा भाग भरला, तरी जबाबांच्या जागेला धक्का लागला नसता. त्या दिवशी मी हसून म्हणालो होतो, “भाऊबंदकीच्या वाटण्या काय कमी बघतो इथे, म्हणून ऑफिसातही?” तीन भागांच्या त्या आखणीवर शेरा होता, ‘एकच ठेवा.’ खाली माझी सही.

मी कागद घडी करून खिशात घातला. वरिष्ठांना अहवाल गेला: तांत्रिक बिघाड. तो हवालदारानेच टाइप केला, एक शब्द न बोलता.

त्या वेळी आम्ही सोबत कागदावर लिहून घेतलेला जबाब चित्रणाशिवाय कोर्टात टिकला नाही. तांडेल सुटला. निकालानंतर मयताच्या बायकोने मला कोर्टाच्या आवारात गाठलं. मला वाटलं, शिव्या घालील.

“तो सुटलो, सुटांदे. सायबानू, माका भायर काढलात तेवा तुमीच म्हणालात, मगे ऐक. माका एकदा ऐकवा. तेंनी माझा नाव घेतल्यानी काय?”

घेतलं होतं. दोनदा. मी तिला तसं सांगितलं. तिने मान हलवली, पण विश्वास ठेवला नाही. पोलिसांचं कोण खरं मानणार?

गप्प बसलेला माणूस दुसऱ्याची अब्रू झाकत असू शकतो, हे मी त्या प्रकरणात शिकलो, आणि फार उशिरा. तो कागद अजून माझ्याकडे आहे. सही ओळखू येते.