हद्द कुठल्या देवाची

आईला बंगळुरूहून मालवणला घरी आणायचं ठरलं, तेव्हा मी नेहमीप्रमाणे सगळं आधी लिहून काढलं. फुप्फुसांच्या आजारामुळे तिला सतत प्राणवायू लागायचा. डॉक्टरांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता औषधापेक्षा तिला तिच्या घरात राहू द्या. तिचंही तेवढंच मागणं होतं. म्हणून खांद्याला अडकवायचं प्राणवायूचं छोटं यंत्र भाड्याने घेतलं, त्याची जादा बॅटरी, डॉक्टरांचं पत्र, दोन्हीकडे चाकांची खुर्ची, चिपीच्या विमानतळावर गाडी. सगळ्यावर खूण झाली.

यादीत नव्हती ती अबोली. आईनेच पूर्वी कधीतरी घरून नेलेलं रोप भावाच्या गॅलरीत फोफावलं होतं. त्याची एक फांदी मुळासकट काढून, ओल्या फडक्यात गुंडाळून तिने बरोबर घेतली आणि विमानात ती वरच्या कप्प्यात काही केल्या ठेवू देईना. मोडेल म्हणाली. मग अबोलीची पिशवी तिच्या पायापुढे गेली आणि बॅटरीची बॅग वर. यंत्राचे सगळे हिरवे दिवे लागलेले होते, प्रवास थोडका होता. मीही वाद घातला नाही.

फेब्रुवारीतली सकाळ, आभाळ धुतल्यासारखं. पंख्यांचं लहान विमान घाटापर्यंत अगदी शांत आलं. घाट ओलांडला आणि पायाखालची जमीनच काढून घेतल्यासारखं झालं. पाण्याच्या बाटल्या उडाल्या, मागे कुणीतरी ओकायला लागलं. ढग नाही, पाऊस नाही, आणि विमान खडखडतंय.

आम्ही किनाऱ्यावरची माणसं, वारा म्हटला की समुद्राकडे बघतो. पण त्या दिवसांत कधी कधी तो उलटा येतो, घाटमाथ्यावरून खाली कोसळतो. व्हाळाचं, ओढ्याचं पाणी मोठ्या धोंड्यावरून उतरलं की धोंड्याच्या पलीकडे कसं उकळतं, घुसळतं, तशी हवा डोंगराच्या अलीकडे घुसळत असते, असं नंतर विमानातून बाहेर पडताना वैमानिकाने समजावलं. हवेत असताना मला एवढंच कळत होतं की खिडकीतून कर्लीची खाडी दिसते आहे, कातळाचा सपाट सडा दिसतो आहे, आणि आई बोटाने दाखवते आहे, "ती बघ गो, खाडी."

सड्यावरची धावपट्टी अगदी जवळ आली, विमान एका पंखावर कललं आणि एकदम वर उचललं गेलं. वैमानिक म्हणाला, वारा झटक्याझटक्याने येतो आहे, थोडं फिरून पुन्हा प्रयत्न करू. आम्ही फिरू लागलो. भीतीने आईचा श्वास वाढला, तसं यंत्र जास्त चालू लागलं आणि दिवे एकेक करून विझू लागले. शेवटचा लाल झाला. यंत्र टिवटिवायला लागलं.

मी डोक्यावरचं मदतीचं बटण दाबलं. हवाई सुंदरी पुढे आमच्याकडे तोंड करून पट्टा बांधून बसली होती. तिने मान हलवली, तळहात दाखवला. मी यंत्राकडे, मग वर बोट दाखवलं. तिला कळलं असावं, पण तिलाही उठता येत नव्हतं. मी पट्टा काढून अर्धवट उभी राहिले, तेवढ्यात विमान एकदम खाली घसरलं आणि माझं डोकं कप्प्यावर आपटलं. शेजारच्या रांगेतल्या म्हाताऱ्या काकांनी दंडाला धरून मला खाली बसवलं. "पडशीत आणि आवशीच्याच अंगार पडशीत," म्हणाले.

मग त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. गाऱ्हाणं घालायचं, सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालायचं त्यांच्या मनात होतं, पण आपल्याकडे गाऱ्हाणं ज्या गावच्या हद्दीत उभं राहायचं तिथल्या देवाला घालतात. त्यांनी खिडकीशी बसलेल्या मुलीला खाली गाव कुठलं ते विचारलं. ती परुळे म्हणाली. त्यांनी हात जोडेपर्यंत खाली समुद्र आला, मग पुन्हा दुसरंच गाव. मागून कुणीतरी म्हणालं, "काका, पायलट आमच्या हद्दीतलो नाय, जरा मोठ्यान सांगा."

काही जण हसले. काकांनी लक्ष दिलं नाही.

"बा देवा म्हाराजा, ज्या कोणाची ही हद्द आसात, त्या म्हाराजा. ही तुजी लेकरां वाऱ्यात अडाकली आसत. तेंका सुखरूप खाली हाड रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळं विमान म्हणालं. हसणारेसुद्धा.

आईही म्हणाली. मी तिला बोलू नकोस म्हटलं, श्वास राखून ठेव म्हटलं. यंत्र तोवर बंद पडलं होतं. तिचे ओठ काळसर दिसत होते. काकांनी वैमानिकाच्या हाताला यश मागितलं, आजारी माणसाला बळ मागितलं, आणि प्रत्येक मागण्यानंतर आईचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी तिचा हात धरला होता. दुसरं करण्यासारखं माझ्याजवळ काहीच नव्हतं. बॅटरी माझ्या डोक्यावर हातभर अंतरावर होती.

मग विमान समुद्रावर गेलं, उंच चढलं, आणि खडखड थांबली. आम्ही गोव्याला उतरणार, असं सांगितलं. हवाई सुंदरी धावत आली, बॅग काढून दिली. मी बॅटरी उलटसुलट करून पाहिली, ती खाचेत बसेना. आईने ती माझ्याकडून घेतली, स्वतःच सरकवली, टक् आवाज होईपर्यंत दाबली.

गोव्याहून दुसरी गाडी केली. गोव्याची सीमा ओलांडेपर्यंत आई डोळे मिटून होती. अबोली आता तिच्या मांडीवर होती, शेंडा मोडलेला. यंत्रावर दोन दिवे होते. ते घरापर्यंत पुरतील की नाही, याचा हिशोब मला लावता येत नव्हता, कारण तिच्या श्वासाचा वेग काही केल्या कमी होत नव्हता.

"खंय पावलंव गो?"

"बांदा, आये."

तिने डोळे उघडले. दुकानं, एसटी, रस्त्यावरची माणसं बघितली. "मगे इली आमची हद्द," म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "गाऱ्हाणां घाल."

मी जन्मात कधी घातलं नव्हतं. आमच्याकडे ते गावातले जाणते पुरुष घालतात, बायका मागे उभ्या राहून 'होय म्हाराजा'ची साथ देतात. मी हात जोडले. तिला घरापर्यंत पोचव म्हणू, बरी कर म्हणू, की आणखी त्रास नको म्हणू, ते ठरेना. आई वाट बघत होती.

तोंडातून फक्त "होय म्हाराजा" एवढंच आलं.

"होय म्हाराजा," आई म्हणाली.