'कंपनी' या शब्दातली भाकरी

नांदूरघाटच्या शाळेत मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. सुंदरबाईने त्याच शाळेत सव्वीस वर्षं घंटा दिली, पाणी भरलं, वर्ग झाडले. तिच्याबद्दल चार चांगल्या गोष्टी लिहून मोकळं होता येईल. पण मला सांगायचंय ते वेगळं आहे, आणि त्यात माझीच अब्रू जाणार आहे.

दहावीला दरवर्षी मी 'कंपनी' हा शब्द घ्यायचे. अर्थ विचारला की मुलं सांगायची, मामा पुण्यात लागलाय ती कंपनी. कुणी फौजेतली सांगायचं, कुणी म्हणायचं सिनेमाला जायला लागते ती. मग मी ऐटीत मूळ सांगायचे. लॅटिनमध्ये 'कॉम' म्हणजे सोबत आणि 'पॅनिस' म्हणजे पाव. आपल्याकडे पाव कोण खातंय, म्हणून मी भाकरी म्हणायचे. सोबत बसून भाकरी खाणारे, ती कंपनी. कारखाने, पलटणी हे सगळं नंतरचं.

सुंदरबाई घंटेसाठी दाराशीच उभी असायची. सातवी शिकलेली, कान तिखट. एकदा व्हरांड्यात मला म्हणाली, "मंग तुमी-आमी कंपनी न्हाईच म्हणा की, बाई." हसतच म्हणाली. मीही हसले आणि स्टाफरूममध्ये ते गंमत म्हणून सांगितलं.

तिथे आम्ही तिघी शिक्षिका पेपर पसरून एकमेकींच्या डब्यांत हात घालायचो. सुंदरबाई पाण्याच्या टाकीच्या पायरीवर एकटी जेवायची. तिथे बस असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. आत ये, असंही कुणी म्हटलं नव्हतं. जातीचं नाव कुणी काढत नसे. आम्ही शिकलेल्या ना!

ती निवृत्त झाली तेव्हा शाल-नारळ झाला, मी भाषणही ठोकलं. मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दारात आली. हातात धुतलेल्या फडक्यात बांधलेल्या भाकरी, वाटीत पिठलं.

"बाई, आज एक डाव संग जेवू."

बाकीच्या दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या तोंडून निघालं, "अगं, आज माझी चतुर्थी."

दर चतुर्थीला माझ्यासाठी बाजारातून केळी आणायची कोण? सुंदरबाईच.

"चतुर्थी परवा झाली, बाई," ती हळूच म्हणाली, फडक्याची गाठ पुन्हा मारली आणि टाकीकडे गेली. मी उठले नाही. उपवास सांगून बसल्यामुळे स्वतःचा डबाही उघडता येईना. तो तसाच घरी नेला. हे लिहितानाही कान तापतात.

सात वर्षं गेली. गेल्या महिन्यात न कळवता तिच्या घरी गेले. त्या दिवशी खोटं बोलले होते, म्हटलं, आणि आज तुझ्यासोबत जेवायला आलेय. "सोडा वो," म्हणत तिने चूल पेटवली. मला बाजेवर बसवलं. गरम भाकरी आली, ठेचा आला. ताट एकच.

"तुझं ताट?"

"तुमी खा, बाई. मी मागून खाते. मला तशीच सवय हाय."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी एकटीच जेवले. ती पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभी राहिली, शाळेत उभी राहायची तशीच.