झुंबरभाऊंच्या माशांचे उपास

मसाटच्या धाग्याच्या कारखान्यात वीस वर्षं काढून झुंबरभाऊंनी किलवणीचा पंचायतीचा तलाव ठेक्याने घेतला, रोहू माशाचं बीज, म्हणजे विकायची पिल्लं, काढायला. माणूस माळकरी, मासा न खाणारा; पण माशांवर जीव पोटच्या पोरांइतका. तिथेच घोटाळा झाला. घरातले नियम माशांनाही लागू झाले.

मत्स्य खात्याच्या सुलभा मॅडम मूळच्या वेंगुर्ल्याच्या. दोन वर्षं त्यांनी माद्यांना संप्रेरकाचं इंजेक्शन टोचलं आणि दोन्ही वर्षं एकही अंडं पडलं नाही. यंदाही बीज नाही तर तलाव दुसऱ्याला, असं पंचायतीने बजावलं. शिमगा झाल्यावर मॅडमनी जाळं टाकून माद्या पाहिल्या. पोटं सपाट.

"कोंडा-पेंड रोज घालता ना?"

"घालतो ना. उपासाचे दिवस सोडून."

"कोणाचा उपास?"

"त्यांचाच. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी. उपाशी नाय ठेवत हां, साबुदाणा देतो."

मॅडमनी हातातलं जाळं बांधावर ठेवलं.

"भाऊ, मादीचा मेंदू आधी अंगातल्या साठ्याची खबर घेतो. साठा असेल तरच संप्रेरकं सुटतात, मग अंड्यात बलक भरतो. साबुदाण्याचा बलक होतो का? आत अंडीच तयार नाहीत, तर माझं इंजेक्शन बाहेर काय काढणार?"

"म्हणजे उपास मोडायचा?" भाऊंचा चेहरा उतरला. "तलाव गेला तर गेला, मॅडम. एकादशीला आमचा कुत्रासुद्धा भाकर खात नाय."

"तो शेजारी जाऊन खातो," भाऊंची बायको लीला म्हणाली. "मासे कुठे जातील?"

मॅडमनी डोळे मिटून दहा आकडे मोजले.

"शेंगदाणा चालतो उपासाला?"

"चालतो."

"मग उपासाला नुसती शेंगदाण्याची पेंड घाला. साबुदाणा बंद."

भाऊंनी बराच वेळ खोट शोधली. सापडली नाही.

आषाढात इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यात बांधलेला हापा, म्हणजे माद्या ठेवायचा कापडी पिंजरा, अंड्यांनी गच्च भरलेला. सरपंच बायडाबाई स्वतः बघायला आल्या आणि तलाव भाऊंकडेच राहील म्हणाल्या.

"दोन वर्षं साबुदाण्यावर भागवलं, ते देवाला पटलं नाय," भाऊ त्यांना समजावत होते. "यंदा शेंगदाण्यावर कडक उपास केले. लगेच फळ."

मॅडमनी लीलाकडे चहा मागितला. चहा आला.

"बिस्किट नाय हां मॅडम," भाऊ म्हणाले. "आज गुरुवार."