बलभीमचं पुसलेलं नाव

अकोल्यात गाडीवर नाव टाकायचं असलं की बाळापूर रोडवरचे लोक पौर्णिमाकडे जातात. तिचं रेडियमचं दुकान लहान आहे, पण तिनं चिकटवलेलं अक्षर वैशाखातही कड सोडत नाही.

ती बाळापूरजवळच्या फुलं पिकवणाऱ्या घरातली. वडील पुंजाराम लग्नसराईत नवरदेवाच्या गाड्या सजवत. बॉनेटवर झेंडूच्या पाकळ्यांनी नावं मांडायचं काम नववीपासून पौर्णिमाकडे होतं. दोन अक्षरांत किती जागा सोडायची, हे तिला तिथंच कळलं. बारावीनंतर ती एका रेडियमवाल्याकडे कामाला लागली. त्यानं तिला कॉम्प्युटरवर अक्षरं काढायला बसवलं. पंधरा दिवसांत ते काम जमल्यावर ती म्हणाली, "आता मले चिकटवणं बी शिकवा." साबणाचं पाणी मारायचं, अक्षर ठेवायचं आणि पट्टीनं मधून कडेला पाणी काढायचं. दोन वर्षं तिनं हे केलं आणि मग स्वतःचं दुकान टाकलं.

मागच्या हिवाळ्यात खुशालराव नावाचे शेतकरी वडिलांच्या वेळचा बलभीम ट्रॅक्टर घेऊन आले. बलभीम ही कंपनी कधीच बंद पडलेली. इंजिन त्यांनी दुरुस्त केलं होतं. आता नवा रंग मारून ट्रॅक्टर अमरावतीच्या कृषी प्रदर्शनात न्यायचा होता. नाव मात्र पार उडालेलं.

पौर्णिमानं कॉम्प्युटरवरून नाव काढून बॉनेटला लावून पाहिलं.

"चालते ना," खुशालराव म्हणाले.

"नाई चालत. हे आजकालचं अक्षर हाय. आज रंग नका मारू."

तिनं बॉनेट धुतलं आणि बाजूनं तिरपा दिवा धरला. जिथं अक्षरं होती तिथला जुना रंग उन्हापासून वाचून गडद राहिला होता. बटर पेपर ठेवून तिनं कडा पेन्सिलीनं उतरवल्या. 'ब', 'ल', 'भी' मिळाले. 'म'च्या जागी मात्र वेल्डिंगचं ठिगळ होतं.

"आता?" खुशालरावांनी विचारलं.

"'भ' हाय ना. त्याची खालची गाठ अन् आडवी रेघ 'म'लेच लागते. वरचा वळसा फक्त मी बदलतो."

चार दिवसांनी लाल रंग वाळला आणि पौर्णिमानं पांढरी अक्षरं बसवली. ट्रॅक्टर न्यायला खुशालरावांचा मुलगा आला होता; एक अक्षर मनानं केलंय, एवढंच त्याला ठाऊक होतं.

"यातलं तुमच्या मनचं कोनतं?"

"तुमीच वळखा."

त्यानं 'ल'वर बोट ठेवलं. पौर्णिमा हसली.

प्रदर्शनानंतर जुन्या ट्रॅक्टरवाल्यांचे फोन येऊ लागले. तिवस्याहून एक जण जुनी मेटॅडोर घेऊन आला. मग अमरावतीचे शेखर देशमुख आले. हे निवृत्त ड्रॉइंग मास्तर लाकडाचे छोटे ट्रॅक्टर बनवत. त्यांना वीतभर बलभीमवर तेच नाव हवं होतं.

"एवढं बारीक जमते काय?" त्यांनी विचारलं.

"करून पायतो."

मशीननं तांदळाएवढी अक्षरं कापली खरी, पण उचलताना ती फाटत होती. पहिले दोन संच वाया गेले. तिसऱ्या वेळी तिनं अक्षरं सुटी न उचलता पूर्ण नाव पारदर्शक टेपवर घेतलं, थेंबभर पाण्यावर ठेवलं आणि सुईनं सरळ केलं. टेप निघाली, अक्षरं लाकडावर राहिली. मास्तरांनी चष्मा काढून मॉडेल डोळ्यांजवळ नेलं.

"दुसरं मॉडेल कधी आणता?" पौर्णिमानं विचारलं.