नोंद सापडत नाही

कोर्टाच्या खिडकीतली बाई स्वभावाने फार चांगली होती, आणि घोळ नेमका तिथेच झाला. तिने शुभाचं नाव कॉम्प्युटरवर तीनदा शोधलं. एकदा सासरच्या आडनावाने, एकदा माहेरच्या, एकदा जन्मतारखेवरून. मग चष्मा कपाळावर सरकवून, पेढे वाटायची बातमी द्यावी तशी ती म्हणाली, "तुमच्या नावावर आमच्याकडे काहीही नाही."

"पण होतं," शुभा म्हणाली. "मी स्वतः आले होते इथे. वरच्या मजल्यावर, जजसमोर. दोनदा."

"मॅडम, काहीच नाही म्हणतेय मी. लोक हे ऐकून नाचत बाहेर जातात."

शुभाला नाचावंसं वाटलं नाही. समोरच्या काचेवर डोकं आपटावंसं मात्र वाटलं. आपण चोरी केली नाही हे सांगायला रोज शंभर माणसं त्या कोर्टात येत असतील. आपण केली होती हे पटवून द्यायला आलेली त्या दिवशी ती एकटीच असावी.

ती मूळची नागपूरची. वय बावन्न, आणि त्यातली अठरा वर्षं ओहायोतल्या डब्लिनमध्ये गेलेली. नवरा परीक्षित इथल्या एका विमा कंपनीच्या आयटीत. चौदा वर्षांपूर्वी, डिसेंबरात, शुभाने एका मोठ्या दुकानात मुलीसाठी थंडीचं जॅकेट घेतलं आणि शेजारच्या स्वस्त जॅकेटची किमतीची पट्टी काढून त्याला लावली. कुठून दुर्बुद्धी सुचली, ते तिला आजही नीट सांगता येत नाही. सीताबर्डीवर भाव केल्याशिवाय रुमालही न घेणारी ती बाई. इथे भाव करायला समोर माणूसच नाही, तर तिने आपला आपणच भाव करून टाकला. हे समर्थन नव्हे. चोरी ती चोरीच, आणि ती तसंच म्हणते. दारातच दुकानाच्या रखवालदाराने अडवलं, पोलीस आले, कोर्टाची तारीख हातात पडली.

तेव्हा वकील करायला हवा होता. शेंबड्या पोरालाही कळेल इतकी साधी गोष्ट. पण वकील गाठायचा म्हणजे इथल्या मराठी मंडळात कोणाला तरी विचारायचं, आणि मंडळात एकाला विचारलं की गणपतीच्या आरतीपर्यंत दीडशे घरांत बभ्रा. नागपूरला सासूबाईंपर्यंत बातमी जायला त्याहून कमी वेळ लागला असता. तेव्हा जजने "वकील हवा का?" असं विचारलं, तर नवराबायको एका सुरात "नको" म्हणाले. लग्नानंतर इतकं एकमत त्यांचं क्वचितच झालं असेल. गुन्हा कबूल, दंड भरला, दहा मिनिटांत बाहेर. गाडीत बसताना परीक्षित म्हणाला, "संपलं. स्पीडिंगचं तिकीट समज."

ते संपलं नाही. ते तिथे सुरू झालं.

पुढे तिला कामाची परवानगी मिळाली आणि ती अर्ज करत सुटली. लायब्ररी, शाळेचं स्वयंपाकघर, औषधांचं दुकान. मुलाखतीत सगळे खूश. आठवड्याने ईमेल यायचं, की आपल्या पार्श्वभूमीची तपासणी केली असता वगैरे वगैरे. रविवारच्या मराठी शाळेत शिकवायला तिच्याइतकी योग्य बाई शोधून सापडली नसती. पण तिथेही स्वयंसेवकांना तपासणीचा फॉर्म भरावा लागायचा. फॉर्म वाटायला लागले की शुभाची पाठ दुखायला लागायची. इतकी वर्षं ती पाठ दुखतेच आहे, असं मंडळ समजतं. वाताची तेलं आणून दिली लोकांनी तिला.

दोन वर्षांपूर्वी कायदा जरा सैल झाला. असे जुने लहान गुन्हे कायमचे पुसता येतात, हे तिला लायब्ररीतल्या एका फुकट सल्ला शिबिरात कळलं. तिथे निधी भेटली. निधी तिशीची, इथेच जन्मलेली, गरिबांचे खटले चालवणाऱ्या एका संस्थेत वकील. तिने अर्ज केला, सुनावणी झाली, आणि जजने नोंद पुसण्याचा हुकूम दिला. "काकू, हा पेपर जपून ठेवा हं," निधी म्हणाली होती. "दिस पेपर इज गोल्ड."

आणि शुभाने काय करावं? त्या मार्चमध्ये परसात, पानं जाळायच्या लोखंडी कुंडात त्यांनी नेहमीसारखी होळी पेटवली. नारळ टाकला, पुरणपोळीचा घास टाकला, आणि शुभाने घरातून कोर्टाची सगळी पिवळी पाकिटं आणून एकेक करत आत सोडली. समन्स, दंडाची पावती, आणि ओघात तो हुकूमही. होळीत वाईट ते जाळायचं, हेच लहानपणापासून शिकलेली. परीक्षितने टाळ्या वाजवल्या. त्या वेळी दोघांनाही ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

मग या वर्षी नीलाकाकूंनी ती नोकरी आणली. नीलाकाकू म्हणजे निवृत्त डॉक्टर, वय चौऱ्याहत्तर, डब्लिनमधल्या मराठी माणसांचं सर्वोच्च न्यायालय. म्हाताऱ्या माणसांना दिवसभर सांभाळणाऱ्या एका केंद्रात त्या सल्लागार होत्या. तिथे आता मराठी-गुजराती आजी-आजोबा बरेच येतात. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारी, जेवायला वाढणारी, पत्ते खेळणारी कोणी हवी होती. शुभा एक सकाळ बघायला गेली. एका आजींनी तिचा हात धरला तो जेवण होईपर्यंत सोडला नाही. घरी येऊन शुभा परीक्षितला म्हणाली, "मला हे काम पाहिजे. बाकी काही नको, हेच पाहिजे." इतक्या वर्षांत तिने कशासाठी असा हट्ट धरला नव्हता.

तपासणीचा फॉर्म या वेळी तिने छाती पुढे काढून भरला. पुसलेली नोंद विचारण्याचा अधिकार त्यांना नव्हता आणि सांगण्याची सक्ती तिला नव्हती. नवव्या दिवशी अहवाल आला: चोरी, २०११, दोषी.

माहिती विकणाऱ्या कोणत्या तरी कंपनीने कोर्टाच्या नोंदी वर्षांपूर्वीच घाऊक विकत घेऊन ठेवल्या होत्या. कोर्टाने आपली वही कोरी केली, हे यांच्या गावीही नव्हतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे आड कोरडा ठणठणीत आणि पोहरा तुडुंब भरलेला.

शुभाने त्या कंपनीला फोन लावला. पाऊण तास गाणी ऐकली. मग एक मुलगा म्हणाला, की कोर्टाच्या शिक्क्याची हुकुमाची प्रत पाठवा, तीस दिवसांत विचार करू. केंद्राने तिला दहा दिवस दिले होते. निधीकडे हुकुमाची स्कॅन केलेली प्रत होती, पण शिक्का नाही, म्हणून कंपनीने ती परत पाठवली. आणि शिक्क्याची प्रत देणारं कोर्ट म्हणत होतं, की असा खटलाच आमच्याकडे नाही, तर हुकूम कसला?

परीक्षितने घरातली फाइल उपसली. ग्रीन कार्डच्या वेळी लागेल म्हणून घेतलेली, ती दोषी असल्याच्या निकालाची प्रत अगदी जपून ठेवलेली निघाली, निळा शिक्का, वर प्लास्टिकचं पाकीट. गुन्ह्याचा कागद शाबूत होता. माफीचा तेवढा त्यांनी नारळासोबत भाजला होता. शुभाने ती फाइल भिंतीवर भिरकावली.

"काकू, एक विचारू?" दोन दिवसांनी निधीचा फोन आला. "मंगळवारी स्टेटहाउसला, विधानसभेच्या कमिटीपुढे हिअरिंग आहे. नवीन बिल आलंय. कोर्टाने रेकॉर्ड पुसलं की कंपन्यांनीही ठरावीक दिवसांत पुसलं पाहिजे, आणि जुने छोटे गुन्हे आपोआपच पुसले जावेत, अर्ज नको, काही नको. तुम्ही टेस्टिफाय कराल? तीन मिनिटं फक्त. पण एक आहे. तुमचं नाव आणि स्टेटमेंट वेबसाइटवर राहील. लाइव्ह पण दाखवतात."

"म्हणजे मी चोरी केली होती हे लोकांनी विसरावं, म्हणून ते मी सगळ्या राज्याला ओरडून सांगायचं?"

"येस," निधी म्हणाली. "आय नो. वेडेपणा आहे."

परीक्षित ऐकेना. "झाकली मूठ सव्वा लाखाची, शुभा. इतकी वर्षं सांभाळलं आपण. ही नोकरी गेली तर दुसरी बघ. मंडळात तोंड कसं दाखवायचं?"

"मूठ झाकून झाकून बोटं आखडली माझी," ती म्हणाली. "आणि सव्वा लाख कुठे आहेत, ते दाखव मला."

मंगळवारी ती गेली. नारिंगी काठाची साडी नेसणार होती, मग उगीच नको म्हणून पँट-शर्ट घातला. तिच्या आधी एक ट्रकचालक बोलला, एक धर्मगुरू बोलला, आणि माहिती कंपन्यांच्या वतीने सूटबूट घातलेला एक गृहस्थ बोलला, त्याला मात्र तीनाऐवजी अकरा मिनिटं मिळाली. शुभाने पाठ केलेलं सगळं विसरून सरळ सांगितलं. मी पट्टी बदलली. मी दंड भरला. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, आता ती कॉलेज संपवून नोकरीला लागली. त्या जॅकेटची शिक्षा अजून संपली नाही, आणि ती कधी संपणार हे या इमारतीत कोणाला माहीत असेल तर मला सांगा. सात सभासदांपैकी दोघे फोनमध्ये होते. अध्यक्षांनी आभार मानले, कोणाला प्रश्न नव्हते, आणि विधेयक पुढच्या अधिवेशनापर्यंत तहकूब झालं. घरी परतताना हायवेवर ती शिव्या देत गाडी चालवत होती, मराठीत, मोठमोठ्याने, काचा बंद करून.

दुपारी मंडळाच्या ग्रुपवर काहीच आलं नाही. कोणीतरी ढोकळ्याची ऑर्डर विचारत होतं. चार वाजता दाराची बेल वाजली आणि नीलाकाकू आत आल्या.

"पाहिलं मी," काकू म्हणाल्या. "छान बोललीस. ती जागा मात्र काल भरली गं. थांबले नाहीत ते."

शुभा म्हणाली, "काकू, मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात आणि मी..."

"अगं, मला माहीत होतं," काकूंनी तिला मध्येच थांबवलं. "तेव्हापासून. आपल्या त्या फुकट साप्ताहिकात पोलिसांनी पकडलेल्यांची यादी यायची ना, त्यात नाव होतं तुझं. पुष्कळांनी वाचलं. आम्ही ठरवलं, कोणी विषय काढायचा नाही. मला वाटलं, इतक्या वर्षांनी आता तपासणीत काय निघणार."

शुभा खुर्चीत बसली. तिला सगळी तेलं आठवली, पाठीची.

"आमचा मिहीर तेव्हा इथेच वकिली करत होता," काकू सांगत होत्या, प्रेमानेच सांगत होत्या. "तो म्हणालासुद्धा, आई, तिचं पहिल्यांदाच झालंय, कोर्टाला विनंती केली तर चार क्लास करायला लावतात आणि खटलाच काढून टाकतात, दोषी वगैरे काही राहत नाही. मी फोन करू का तिला? मीच नको म्हटलं. म्हटलं, आपल्याला कळलंय हे तिला कळलं तर तिला किती वाईट वाटेल."

शुभाने त्यांच्याकडे पाहिलं. ओरडावंसं वाटत होतं, पण आवाज निघाला तो अगदी साधा.

"वाटलं असतं, काकू," ती म्हणाली. "एक दिवस वाटलं असतं."