मुक्ताबाईच्या मापाचा फेटा

शिरूरला कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानाचं नाव 'प्रगती', म्हणून गावाने मलाच प्रगतीताई करून टाकलंय. माझं खरं नाव अनिता आहे हे आता फक्त आधार कार्डाला ठाऊक. माझ्या शटरला खेटून इलाही तांबोळींचा फेट्यांचा गाळा आहे. लग्न असो, सत्कार असो, नाहीतर बैलगाडा शर्यतीचं बक्षीस, डोकी सजवायची म्हटलं की माणसं इलाहीभाईंकडे येतात. ही कला ते दौंडला मामाकडे शिकले. मामा रेल्वेत होता आणि सुट्टीच्या दिवशी लग्नात फेटे बांधायचा. इलाहीभाई स्वतःची बढाई मारत नाहीत, पण मी घड्याळ लावून पाहिलंय. एका डोक्याला चाळीस सेकंद लागतात.

फेट्याचं कापड आठ-नऊ मीटर लांब असतं. बांधण्याआधी ते ताणून त्याच्या उभ्या घड्या घालाव्या लागतात आणि त्यासाठी समोर कापडाचं टोक धरून उभं राहणारं दुसरं माणूस लागतं. पक्षाच्या कार्यक्रमात पंचवीस वर्षं ते टोक मुक्ताबाईने धरलं.

मुक्ताबाई कवठे येमाईची लेक, शिरूरची सून. सभेआधी सतरंज्या टाकायच्या, सभेनंतर त्या उचलायच्या आणि मधल्या वेळात बायका गोळा करून आणायच्या, हे तिचं पक्षकार्य. पंचवीस वर्षांत तिला स्टेजवर खुर्ची मिळाली ती एकदाच, तीही एक पाहुणा वेळेवर पोचला नाही म्हणून. पण कुणाचं रेशनकार्ड अडलं, कुणाच्या गल्लीत चार दिवस पाणी आलं नाही, तर लोक नेत्याच्या बंगल्यावर न जाता हिच्या ओट्यावर यायचे. ती टोक धरून उभी राहिली की इलाहीभाई म्हणायचे, "मुक्ताबाई, ताणून धरा, पक्ष सैल पडलाय." आणि ती म्हणायची, "तुमी घड्या घाला, पक्षाचं मी बघते."

या खेपेला नगराध्यक्षपद महिलेसाठी राखीव सुटलं आणि गावाला दुसरं काम उरलं नाही. पक्षाचं तिकीट कुणाला? चार नावं चालली होती. कुणी गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेली, कुणाचा नवरा देव पाण्यात घालून बसलेला. चहाच्या टपरीवर सकाळी एक बाई अध्यक्ष व्हायची आणि संध्याकाळपर्यंत तिचा पत्ता कापलेला असायचा. माझ्याकडे दहा रुपयांच्या झेरॉक्सला येणारा माणूससुद्धा अर्धा तास राजकारण सांगून जायचा. मला त्याचा वैताग यायचा आणि खोटं कशाला बोलू, गोडीही वाटायची. चार नावांत मुक्ताबाईचं नाव होतं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा होतं.

टपरीवरचे लोक बोलायचे एकमेकांशी, पण डोळा इलाहीभाईंच्या गाळ्यावर. त्याला कारण होतं. वरून होकार आल्याशिवाय कुणी फेट्यांची ऑर्डर देत नाही. अर्ज भरायच्या मिरवणुकीत कार्यकर्त्यांना साधे फेटे असतात आणि उमेदवाराला एक जरीचा, त्याच्या डोक्याचं माप घेऊन आधीच बसवून शिवलेला. म्हणजे यादी जाहीर व्हायच्या दोन-तीन दिवस आधी उमेदवाराचं नाव इलाहीभाईंच्या टेपला कळलेलं असतं. मागच्या चार निवडणुकांत एकदाही चूक नाही. पण ते कधी बोलले नाहीत. लोक खोदून खोदून विचारायचे, तर म्हणायचे, "गिऱ्हाइकाचं डोकं आन् डाक्टरचा पेशंट, दोन्ही सारखंच." त्यांच्या बायकोला, सरदारबींनाही नाव यादीतूनच कळायचं.

अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेला तीन दिवस होते तेव्हा सत्यजीत आला. पक्षाच्या नेत्याला आमच्याकडे सगळे भाऊ म्हणतात आणि सत्यजीत हा भाऊंचा पुतण्या. मी मशीनमध्ये अडकलेला कागद काढत होते, कान मात्र रिकामे होते.

"इलाहीभाई, एक्कावन्न फेटे. आन् एक जरीचा, बाईमाणसाचा."

"माप?"

"मुक्ताबाईंच्या डोक्याचं माप तुमाला वेगळं घ्यावं लागतंय व्हय? अंबाड्यासकट बसला पाहिजे. फक्त कुठं बोलू नका."

इलाहीभाईंनी मान हलवली. सत्यजीत गेल्यावर ते बराच वेळ जरीचं कापड नुसतं हातात धरून बसले होते. त्यांना इतकं खूश मी त्यांच्या मुलीच्या निकाहातही पाहिलं नव्हतं.

पण मुक्ताबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. भाऊ तिला भेटत नव्हते. फोन उचलत नव्हते. दुसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानात आली ती अपक्ष अर्ज घेऊनच. पक्षाच्या उमेदवाराला एकच सूचक लागतो, अपक्षाला पाच. तिने पाच सह्या गोळा केल्या होत्या. पाचवी माझी. "भाऊंनी दिलं तर दिलं," ती म्हणाली, "न्हाई दिलं तर गल्लीगल्लीतल्या बाया हायेत माझ्या. उद्या पैल्या घंट्याला भरून टाकते." मी अर्जाची एक प्रत काढली आणि मूळ कागद तिच्या हातात दिला.

इलाहीभाई शेजारून उठून आले. मी त्यांना वीस वर्षांत इतकं घाईत पाहिलं नव्हतं.

"मुक्ताबाई, ह्यो फार्म भरू नका."

"का?"

"भरू नका म्हंतोय न्हवं. पक्षाचा भरा. अपक्ष भरला तर भाऊ बिथरतील आन् हातचं जाईल."

"हातात काय हाय माझ्या?"

त्यांनी एकदा रस्त्याकडे बघून घेतलं. मग म्हणाले, "जरीचा शिवतोय. तुमच्या मापाचा."

मुक्ताबाई खाली बाकड्यावर बसली. तिने त्यांना खात्री आहे का असं विचारलं नाही. जो माणूस कधी बोलला नाही तो बोलला होता, यापेक्षा मोठी खात्री काय असते? तिने तो अपक्ष अर्ज माझ्यासमोर फाडला, चार तुकडे केले आणि माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. "आता दोन मनं नगं," म्हणाली. मलाही भरून आलं, हे कबूल करते. आम्ही तिघांनी चहा घेतला आणि मुक्ताबाईने माझी साखर दोन चमचे जास्त खाल्ली.

शेवटच्या दिवशी भाऊंच्या बंगल्याच्या अंगणात सकाळपासून फेटे चालले होते. शिक्रापूरच्या परप्रांतीय कामगारांच्या खोल्यांमधून टेम्पो भरून माणसं आणली होती. त्यातल्या निम्म्यांना पक्षाचं नावही नीट येत नव्हतं. "चाचा, थोडा टाइट हो गया," असं चाललं होतं. अंगणात मुक्ताबाई होतीच. उमेदवार होणार म्हणून घरी बसेल ती मुक्ताबाई कसली! एक्कावन्नच्या एक्कावन्न फेट्यांचं टोक तिने धरलं. मग सत्यजीत म्हणाला, "मावशी, तुमी फार्म घेऊन कचेरीत रांगेला थांबा. एबी फार्म घेऊन आमी मिरवणुकीनं येतो." पक्षाचा उमेदवार कोण हे त्या एबी फॉर्मवरच्या नावाने ठरतं. मुक्ताबाई रांगेला गेली. सोबत मी गेले, कारण पक्षाच्या अर्जावरही सूचक मीच होते.

बंगल्यावर पुढे काय झालं ते इलाहीभाईंनी मला नंतर सांगितलं. दोनच्या सुमाराला एक गाडी आली. तिच्यातून धनश्री उतरली. गावातल्या मोठ्या प्लॉटिंगवाल्याची ही बायको आदल्या दिवशीपर्यंत विरोधी पक्षात होती. भाऊंनी तिच्या गळ्यात पक्षाचा पंचा घातला, टाळ्या झाल्या आणि सत्यजीतने हाक मारली, "इलाहीभाई, जरीचा आणा. ह्यांना बसतोय का बघा."

फेटा मोठा झाला. मुक्ताबाईचा अंबाडा भारी आहे, या पोरीचे केस खांद्यापर्यंत. "काका, सैल होतोय," ती म्हणाली. वाईट नव्हती बिचारी, तिला काही माहीतही नसावं. आणि इलाहीभाईंनी काय करावं? त्यांनी पिना काढल्या आणि फेटा मागून आवळून दिला. मला हे सांगताना ते आपल्या हातांकडे बघत होते. "हातांनी केलं, ताई. मी न्हाई म्हनायच्या आत हातांनी करून टाकलं." मला त्यांचा राग आला होता आणि रडूही येत होतं.

आम्ही रांगेत. पावणेतीनला हलगी ऐकू आली. मुक्ताबाईने पदर सारखा केला. कचेरीच्या दारातून आधी गर्दी आली, मग भाऊ, मग धनश्री, डोक्यावर जरीचा फेटा. मागे पिनांचा डबा घेतलेले इलाहीभाई. मुक्ताबाईने फेटा बघितला, मग इलाहीभाईंकडे बघितलं. मी दुकानाकडे धावले. अपक्ष अर्जाची प्रत होती ना माझ्याकडे. ती आणून खिडकीत दिली. आतल्या माणसाने शांतपणे सांगितलं, बाई, सह्या मूळ लागतात, झेरॉक्स चालत नाही. वीस वर्षं झेरॉक्स काढून खाणाऱ्या बाईला हे दुसऱ्याने सांगावं लागलं. तीनला खिडकी बंद होणार होती, घड्याळात चार मिनिटं उरली होती आणि मूळ सह्यांचे तुकडे घंटागाडी कालच घेऊन गेली होती.

एबी फॉर्म नाही, पाच सूचक नाहीत. छाननीत मुक्ताबाईचा अर्ज बाद झाला.

मला वाटलं होतं, भाऊंचं मन ऐनवेळी फिरलं असेल. तेवढं समाधान तरी ठेवायचं होतं. पण चार दिवसांनी सत्यजीत प्रचारपत्रकांच्या प्रती काढायला आला, पाय पसरून बसला आणि इलाहीभाईंसमोरच हसत म्हणाला, "धनश्रीताईंचं महिन्यापूर्वीच ठरलं होतं. म्हातारी अपक्ष उभी राहिली असती तर मतं फुटली असती. भाऊ म्हनले, तिला आपन सांगून पटायचं न्हाई. इलाहीला जरीची ऑर्डर द्या. तो कुनाला बोलत न्हाई, पन तिला बोलल्याबिगर ऱ्हानार न्हाई."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. माणसाचं तोंड बंद असतं हे गावाला माहीत होतं. ते कुणासाठी उघडेल, हे भाऊंनी हेरलं. इलाहीभाईंची जन्मभराची अब्रू त्यांनी एका ऑर्डरीत वापरून टाकली. मी सत्यजीतला कागदांसकट बाहेर काढलं. तुझ्या प्रती दौंडमध्ये कर म्हटलं, नाहीतर कुरकुंभला कर, माझ्या मशीनवर नाही.

इलाहीभाई त्याच संध्याकाळी मुक्ताबाईच्या ओट्यावर गेले. मला घेऊन गेले, साक्षीदार म्हणून. त्यांनी सगळं सांगितलं, अक्षर न गाळता. तिने ऐकून घेतलं. पाणी दिलं, चहा विचारला.

"मला म्हाईत हाय तुमी लबाड न्हाई," ती म्हणाली. "भाऊंचं मला काय वाटत न्हाई. त्यांच्याकडून मी कवा काय धरलंच न्हवतं. पन त्यांनी तुमाला फसवलं आन् मला तुमी थांबवलं. दुसऱ्या कुनी सांगितलं असतं तर मी थांबले नसते."

इलाहीभाईंनी पाण्याचा पेला तसाच ठेवला. 

धनश्री निवडून आली. विजयाच्या मिरवणुकीचे दोनशे फेटे बांधायला इलाहीभाईंनी नकार दिला. ते फेटे दौंडहून बांधून आले. पक्षाचं काम गेलं, लग्नं राहिली. आता ते एकटेच घड्या घालतात. मी म्हटलं, टोक मी धरते. "नगं ताई," म्हणाले. कापडाचं एक टोक ते माझ्या शटरच्या कडीला बांधतात, दुसरं ताणत फुटपाथच्या पलीकडे जातात.

परवा असंच कापड ताणलेलं होतं आणि मुक्ताबाई बाजाराची पिशवी घेऊन समोरून आली. इलाहीभाईंचे हात थांबले. मीही मशीन बंद केलं. तिच्या वाटेत छातीइतक्या उंचीवर केशरी कापड आडवं होतं. तिने ते एका हाताने वर उचललं, खालून वाकून पलीकडे गेली आणि सोडून दिलं.